व्हीएमच्या आतली व्हीएम वारंवार कोसळते: आधी थर शोधा, मग दोष

लक्षण: बाहेरची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) नीट चालते. तिच्यात हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, बसतो, आतली व्हीएमही सुरू होते. पण थोड्या वेळाने, कधी काही तासांनी, आतली व्हीएम गोठते, निळा स्क्रीन दाखवते, आपोआप रीबूट होते किंवा नुसतीच 'पॉज्ड' होऊन बसते. कधी बाहेरची व्हीएम आतल्या सगळ्यांना घेऊन खाली जाते. पुन्हा सुरू केली की चालते, आणि काही वेळाने परत तेच.

अशा वेळी जवळजवळ सगळेजण आतल्या व्हीएमचे लॉग उघडून बसतात. तिथे बहुतेकदा काहीच सापडत नाही, कारण तिला मारणारा तिच्या बाहेर असतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे नेमका कोणता थर पडला हे ठरवणं.

पुढे सगळीकडे हीच नावं वापरली आहेत: प्रत्यक्ष मशीनवरचा हायपरवायझर म्हणजे एल०, त्याच्यावरची व्हीएम, जिच्यात दुसरा हायपरवायझर आहे, ती एल१, आणि एल१ च्या आत चालणारी व्हीएम ती एल२. या एकात एक मांडणीला नेस्टेड म्हणतात.

आत काय चालतं

व्हीएम चालवायला मदत करणाऱ्या इंटेलच्या व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या एएमडी-व्ही या दोन्ही सोयी प्रोसेसरमध्ये एकाच पातळीपुरत्या आहेत. एल१ ला वाटतं की एल२ आपण चालवतोय. प्रत्यक्षात एल२ ला सीपीयूवर चढवतो तो एल०. इंटेलवर एल१ आपल्या एल२ साठी एक कंट्रोल ब्लॉक भरतो, त्याला व्हीएमसीएस म्हणतात. एल० तो वाचतो, स्वतःच्या नियमांशी जुळवून दुसरा व्हीएमसीएस तयार करतो आणि तोच प्रोसेसरला देतो. व्हीएम मध्येच थांबून ताबा हायपरवायझरकडे जाणं म्हणजे एक्झिट. एल२ मधली अशी प्रत्येक एक्झिट आधी एल० कडे येते आणि एल१ च्या वाट्याची असली तर पुढे एल१ कडे पाठवली जाते. ती हाताळताना एल१ ने व्हीएमसीएस वाचला किंवा लिहिला की पुन्हा एल० ला मध्ये पडावं लागतं. हॅसवेल पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलने शॅडो व्हीएमसीएस (एल० ला दर वेळी मध्ये न आणता एल१ ला वाचू-लिहू देणारी सोय) दिल्यामुळे हा मार बराच हलका झाला, पण संपला नाही.

म्हणजे इथे नाजूक जागा दोन. एक, एल० ने केलेलं भाषांतर, जिथे एल१ ने मागितलेलं फीचर आणि एल० ने देऊ केलेलं फीचर जुळलं पाहिजे. दुसरी, वेळ. साध्या व्हीएममध्ये न जाणवणारी दिरंगाई इथे अनेक पटींनी वाढून वॉचडॉगपर्यंत, म्हणजे अडकलेला प्रोसेसर हेरणाऱ्या टायमरपर्यंत पोचते. या दोन्हींत न बसणारं तिसरं कारण अगदी साधं आहे, मेमरी. आणि सगळ्यात जास्त वेळा तेच निघतं.

कोण पडलं ते ओळखा

तिन्ही थरांची घड्याळं आधी एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवून घ्या, नाहीतर लॉगमधल्या वेळा एकमेकींशी लागणार नाहीत. मग पुढच्या वेळी व्हीएम पडली की तिला लगेच सुरू करू नका. आधी हे पाहा.

एल१ चा अपटाइम. तो शून्यापासून सुरू झाला असेल तर एल२ निर्दोष आहे, पडला तो एल१. मग सरळ एल० वर जा: एल० लिनक्स असेल तर डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणारं साधन) क्यूएमू लॉगमधली (क्यूएमू म्हणजे प्रत्येक व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) एल१ च्या नावाची फाइल, व्हीएमवेअर असेल तर त्या व्हीएमच्या फोल्डरमधला व्हीएमवेअर लॉग, हायपर-व्ही (विंडोजचा हायपरवायझर) असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधले हायपर-व्ही-वर्कर आणि हायपर-व्ही-हायपरवायझर हे दोन विभाग.

एल१ चालूच असेल, तर एल१ च्या डीमेसेजमध्ये त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी वाचा आणि एल२ ची स्थिती कारणासह विचारा. लिबव्हर्टवर 'व्हर्श डोमस्टेट' या आज्ञेला 'रीझन' हा पर्याय जोडला की 'शटऑफ (क्रॅश्ड)', 'शटऑफ (डिस्ट्रॉइड)', 'पॉज्ड (आय-ओ एरर)' असा फरक कळतो. हा एक शब्द पुढचे कित्येक तास वाचवतो.

एल२ लिनक्स असेल तर तिला सीरियल कन्सोल (कर्नलचा मजकूर थेट बाहेर पाठवणारा आभासी पोर्ट) द्या आणि तो एल१ वरच्या फाइलमध्ये लिहू द्या. पॅनिकचा (कर्नल कोसळतानाचा) शेवटचा मजकूर डिस्कवर पोचत नाही, सीरियलवर पोचतो. हेच एल१ साठी एल० वर करा.

एल० च्या लॉगमध्ये मशीन चेकच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या एमसीईच्या ओळी दिसल्या तर बाकी सगळं थांबवा आणि रॅम तपासा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) किंवा ओव्हरक्लॉक चालू असेल तर तो बंद करून पुन्हा बघा. नेस्टेड कामाचा भार कमकुवत रॅमला लवकर उघडं पाडतो.

मेमरी: इथे सगळ्यात आधी बघा

एल१ च्या डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' आणि पुढे क्यूएमूचं नाव, असं दिसलं तर शोध संपला. एल२ कोसळली नाही, एल१ च्या कर्नलने तिला मारलं. एल२ च्या आत याचा काहीही मागमूस राहत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो वीज गेल्यासारखा प्रकार असतो.

उदाहरण घ्या. एल१ ला १६ जीबी दिली आणि आत ४ जीबीच्या तीन एल२. बेरीज १२, म्हणजे ४ जीबी शिल्लक, असं वाटतं. पण प्रत्येक क्यूएमू प्रोसेस गेस्टच्या (तिच्यात चालणाऱ्या व्हीएमच्या) रॅमवर आणखी काहीशे एमबी खाते, एल१ ची स्वतःची सिस्टीम एक ते दोन जीबी घेते, आणि एल१ वर झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर तिचा एआरसी कॅशे निम्म्या रॅमपर्यंत किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. प्रॉक्समॉक्स या केव्हीएमवर आधारलेल्या हायपरवायझरने ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली, पण जुन्या सेटअपमध्ये ती आपोआप बदलत नाही. क्यूएमू गेस्टची रॅम सुरुवातीलाच घेत नाही, गेस्ट जशी वापरेल तशी घेतो. म्हणूनच तिन्ही एल२ सकाळी छान सुरू होतात आणि दुपारी एक नाहीशी होते.

उपाय: सगळ्या एल२ ची मिळून रॅम एल१ च्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा. एल१ मध्ये थोडा स्वॅप द्या. झेडएफएस असेल तर एआरसीला १ ते २ जीबीची कमाल मर्यादा घाला. एल० वर एल१ साठी बलूनिंग (चालू व्हीएमची रॅम परत काढून घेण्याची सोय) बंद ठेवा. बलून फुगला की एल१ ची रॅम तिच्या हातातून जाते आणि वर लिहिलेला हिशोबच कोसळतो. हायपर-व्हीवर एल१ ला डायनॅमिक मेमरी न देता ठरावीक मेमरी द्या. एल१ मध्ये हायपर-व्ही चालू असताना तिची मेमरी तशीही कमीजास्त होत नाही आणि चालू स्थितीत बदलायला गेलात तर ते फसतं.

एल० सुद्धा याच कारणाने संपूर्ण एल१ ला मारू शकतो. आणि मारलं नाही, नुसतं स्वॅपवर ढकललं, तरी एल२ मध्ये सॉफ्ट लॉकअप, म्हणजे प्रोसेसर अडकल्याचे इशारे, दिसू लागतात. एल० वर मेमरी ओव्हरकमिट (असलेल्या रॅमपेक्षा जास्त वाटणं) नको, हा नियम नेस्टेडसाठी कडकपणे पाळावा.

व्हर्च्युअलायझेशन एक्स्टेन्शन खरंच आत पोचलंय का

एल१ मध्ये 'एलएससीपीयू' चालवा. 'व्हर्च्युअलायझेशन' या ओळीपुढे व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसलं पाहिजे. नसेल तर क्यूएमूला केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला हायपरवायझर) मिळत नाही आणि काही साधनं गुपचूप सॉफ्टवेअर एम्युलेशनवर, म्हणजे टीसीजीवर जातात. एल२ चालते, पण इतकी हळू की इन्स्टॉलर आणि सर्व्हिसेस टाइमआउट होतात, आणि बघणाऱ्याला ते क्रॅश वाटतं. 'व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट' एल१ मध्ये चालवलं की पहिल्या काही ओळींत हे स्पष्ट होतं.

एल० केव्हीएम असेल तर केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी मॉड्यूलचं 'नेस्टेड' पॅरामीटर वाय किंवा १ असावं. इंटेलवर ते लिनक्स ४.२० पासून मुळातच चालू असतं. जुन्या कर्नलवर मॉडप्रोबच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'नेस्टेड=१' लिहून मॉड्यूल काढून पुन्हा घालावं लागतं, आणि त्यासाठी त्या होस्टवरच्या सगळ्या व्हीएम बंद हव्यात. एल१ चा सीपीयू मोड 'होस्ट-पासथ्रू', म्हणजे प्रत्यक्ष प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा, ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये त्याचं नाव 'होस्ट' आहे. तिथला डीफॉल्ट सीपीयू प्रकार व्हर्च्युअलायझेशन आत पाठवत नाही.

बाकी ठिकाणी हे चालू करा: व्हीएमवेअरवर हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन गेस्टला दाखवण्याचा चौकोन, हायपर-व्हीवर 'सेट-व्हीएमप्रोसेसर' आज्ञेतलं 'एक्स्पोज-व्हर्च्युअलायझेशन-एक्स्टेन्शन्स' हे ट्रू (व्हीएम बंद असतानाच), व्हर्च्युअलबॉक्सवर 'नेस्टेड' चा पर्याय, जो एएमडीसाठी ६.० पासून आणि इंटेलसाठी ६.१ पासून आहे. हायपर-व्हीवर इंटेलचं नेस्टिंग विंडोज सर्व्हर २०१६ आणि विंडोज १० पासून चालतं, एएमडीचं मात्र सर्व्हर २०२२ आणि विंडोज ११ पासून.

विंडोज होस्टवर व्हीएमवेअर वर्कस्टेशन किंवा व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर आणखी एक अडथळा आहे. होस्टवर हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) किंवा मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) चालू असेल तर व्हीटी-एक्स हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतलेलं असतं. 'सिस्टीमइन्फो' च्या शेवटी हायपरवायझर आढळल्याची ओळ दिसली की समजा. मेमरी इंटिग्रिटी बंद करा, 'बीसीडीएडिट' ने 'हायपरवायझर-लाँच-टाइप' ऑफ करा आणि रीबूट करा. यामुळे सुरक्षेचं एक कवच जातं आणि डब्ल्यूएसएल २ बंद पडतं, तेव्हा कामाच्या लॅपटॉपवर हे करण्याआधी विचार करा.

आतली व्हीएम विंडोज असेल तर

एल२ विंडोज ११ आहे आणि एल१ ने तिलाही 'होस्ट-पासथ्रू' दिलाय, असं असेल तर व्हीएमएक्स फ्लॅग (व्हीटी-एक्स उपलब्ध असल्याची प्रोसेसरची खूण) एल२ पर्यंत पोचतो. विंडोजला तो दिसला की व्हर्च्युअलायझेशन-आधारित सुरक्षा स्वतःचा हायपर-व्ही सुरू करते आणि विंडोजचं कर्नल त्याच्यावर चढतं. म्हणजे तुम्ही न मागता तिसरा मजला बांधला गेला. इथून पुढे 'हायपरवायझर एरर' चे निळे स्क्रीन, बूटच्या वेळी अडकणं, अपडेटनंतर रीबूट लूप, सगळं संभवतं.

तपासणी: एल२ मध्ये 'एमएसइन्फो३२' उघडा आणि व्हर्च्युअलायझेशन-आधारित सुरक्षेपुढे 'रनिंग' आहे का बघा. उपाय: एल१ वर एल२ च्या लिबव्हर्ट कॉन्फिगमध्ये, म्हणजे एक्सएमएलमध्ये, सीपीयू विभागात व्हीएमएक्स फीचरची पॉलिसी 'डिसेबल' करा. एएमडीवर एसव्हीएमची. फ्लॅगच नसला की विंडोज तो प्रयत्न करणार नाही.

एल२ ला 'होस्ट-पासथ्रू' देऊच नका, हे आमचं ठाम मत आहे. एल१ ला तो लागतो, एल२ ला नाही. एल२ ला नाव असलेलं आणि प्रत्यक्ष प्रोसेसरपेक्षा एखाद-दोन पिढ्या जुनं मॉडेल द्या. जितकी फीचर्स कमी, तितकं एल० चं भाषांतर सोपं.

बूटलाच 'सिस्टीम थ्रेड एक्सेप्शन' किंवा 'केमोड एक्सेप्शन' येत असेल तर खालच्या केव्हीएमच्या डीमेसेजमध्ये 'अनहँडल्ड आरडीएमएसआर' शोधा. गेस्ट असं रजिस्टर वाचतोय जे केव्हीएमला ठाऊक नाही. केव्हीएम मॉड्यूलचं 'इग्नोर_एमएसआर्स' १ केलं की अशा वाचनाला शून्य मिळतं आणि गेस्ट पुढे जातो. केव्हीएमवर ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरवायझर) एल१ म्हणून चालवतानाही बहुधा हेच लागतं. ही सेटिंग पडलेल्या गेस्टच्या लगेच खालच्या थरात करायची असते. कारण सापडलं की ती कायम ठेवायची का ते ठरवा, कारण ती खऱ्या चुकाही झाकते.

एंट्री फेल्ड: कोड वाचायचा कसा

क्यूएमूच्या लॉगमध्ये 'केव्हीएम: एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर' आणि पुढे कोड येतो. 'हार्डवेअर' शब्दाला घाबरून प्रोसेसर बदलायला जाऊ नका.

०एक्स८०००००२१ म्हणजे गेस्टची स्थिती प्रोसेसरला अवैध वाटली. शेवटचे २१ हे हेक्समध्ये आहेत, दशमानात ३३, आणि इंटेलच्या यादीत ३३ क्रमांकाचं एक्झिट कारण तेच आहे. नेस्टेडमध्ये हे बहुतेकदा एल० किंवा एल१ च्या कर्नलमधल्या चुकीने, किंवा सेव्ह केलेली स्थिती परत लोड केल्यावर येतं. लिनक्स ५.१५ च्या काळात विंडोज व्हीएम याच कोडने पडत असत आणि केव्हीएमचं 'टीडीपी_एमएमयू' बंद करणं हा तात्पुरता इलाज होता. आज पहिलं पाऊल म्हणजे एल० चं कर्नल अद्ययावत करणं, मग एल१ चं. उलट क्रमाने नको, कारण एल२ चालवण्याचं खरं काम एल० चं आहे.

०एक्स७ म्हणजे कंट्रोल फील्ड अवैध. एल१ ने असं काही मागितलं जे एल० ने देऊ केलेलं नाही. एल१ दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर किंवा एल० चं कर्नल बदलून जुनी सेव्ह केलेली स्थिती उघडल्यावर हा कोड दिसतो. एल१ पूर्ण बंद करून नव्याने सुरू करा. नुसतं रीबूट पुरेसं नाही, क्यूएमू प्रोसेसच नवी झाली पाहिजे.

'केव्हीएम इंटर्नल एरर, सबएरर १' म्हणजे एक सूचना केव्हीएमला एम्युलेट करता आली नाही. त्याखाली रजिस्टर आणि 'कोड' ची ओळ छापलेली असते, ती जपून ठेवा. 'सबएरर ३' म्हणजे गेस्टला इंटरप्ट किंवा एक्सेप्शन पोचवत असताना अनपेक्षित एक्झिट झाली.

कर्नल नवं असूनही प्रश्न राहिला तर एकेक फीचर बंद करून बघा. इंटेलवर एल१ च्या केव्हीएम-इंटेलमध्ये 'इनेबल_एपीआयसीव्ही' शून्य, मग 'प्रीएम्प्शन_टायमर' शून्य, मग एल० मध्ये 'इनेबल_शॅडो_व्हीएमसीएस' शून्य. एएमडीवर 'एव्हीआयसी' शून्य. एका वेळी एकच, आणि पूर्वी जितक्या वेळात पडत होती त्याच्या किमान तिप्पट वेळ चालू द्या. शॅडो व्हीएमसीएस बंद केल्यावर वेग चांगलाच घटेल, ते अपेक्षित आहे. एल० वर 'डम्प_इनव्हॅलिड_व्हीएमसीएस' १ ठेवलंत तर पुढच्या वेळी अख्खा व्हीएमसीएस डीमेसेजमध्ये मिळेल.

गोठणं आणि सॉफ्ट लॉकअप

'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद' ही ओळ म्हणजे दोष त्या गेस्टमध्ये आहे असं नाही. लिनक्सचा वॉचडॉग थ्रेशोल्ड १० सेकंद असतो आणि सॉफ्ट लॉकअपची हाक त्याच्या दुपटीनंतर येते. गेस्टचा व्हीसीपीयू, म्हणजे तिला दिलेला आभासी प्रोसेसर, तेवढा वेळ खालच्या थराने चालवलाच नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. एल१ मध्ये 'टॉप' उघडून सीपीयूच्या ओळीतला 'एसटी' हा आकडा, म्हणजे खालच्या थराने न दिलेला वेळ, बघा. तो सतत १० टक्क्यांच्या वर असेल तर एल० वर गर्दी आहे.

एल० मध्ये ८ प्रत्यक्ष कोअर असतील तर एल१ ला ६ पेक्षा जास्त व्हीसीपीयू देऊ नका, हायपरथ्रेड मोजू नका. सगळ्या एल२ मिळून एल१ च्या व्हीसीपीयूंच्या आसपासच राहा. एल२ ला जास्त व्हीसीपीयू दिले की ती वेगवान होत नाही. तिचे व्हीसीपीयू एकमेकांची वाट बघत बसतात. विंडोजमध्ये हाच प्रकार 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट', म्हणजे कोड १०१, म्हणून दिसतो. तिथे लिबव्हर्टच्या हायपर-व्ही फीचर्समधलं 'रिलॅक्स्ड' चालू करा, त्याने विंडोज आपले वॉचडॉग सैल सोडतं. सोबत 'व्हीएपिक', 'स्पिनलॉक्स' आणि हायपर-व्ही क्लॉकही द्या.

घड्याळाचा स्रोतही बघा. लिनक्स गेस्टमध्ये तो केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी (प्रोसेसरमधला वेळमोजक) असावा. टीएससी अस्थिर ठरवून कर्नल एचपीईटीवर, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या हळू टायमरवर, गेलं असेल तर वेळेचं प्रत्येक वाचन म्हणजे एक एक्झिट, आणि एल२ मध्ये ती दोन थर चढून उतरते.

ठरावीक वेळीच पडत असेल तर

रोज रात्री त्याच सुमारास पडत असेल तर एल० वरचं बॅकअप वेळापत्रक काढा. एल१ चा मेमरीसह स्नॅपशॉट, सस्पेंड किंवा लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवणं) एल२ चालू असताना होत असेल तर तेच कारण. केव्हीएमवर इंटेलसाठी एल२ चालू असलेल्या एल१ चं मायग्रेशन लिनक्स ५.३ आणि क्यूएमू ४.२ पासून चालतं. एएमडीसाठी कर्नलचं दस्तऐवज स्पष्ट सांगतं की एल१ ने एकदा एल२ सुरू केली की एल१ बंद होईपर्यंत तिला हलवू किंवा सेव्ह करू नये. केलंत तर कर्नलचा ऊप्स (गंभीर चूक) किंवा पॅनिक येऊ शकतो, आणि तशी एल१ नंतर चालताना दिसली तरी भरवशाची नसते, पुन्हा सुरू करावीच लागते. बॅकअप एल१ च्या आतून, एल२ पातळीवर घ्या.

क्रॅश नसलेले क्रॅश

'पॉज्ड (आय-ओ एरर)' म्हणजे बहुतेकदा डिस्क भरली, एल१ मध्ये किंवा तिच्या खाली एल० मध्ये. थिन डिस्कवर (लागेल तशी वाढणारी आभासी डिस्क) थिन डिस्क ठेवली की एल१ मध्ये जागा दिसत असते आणि एल० मध्ये संपलेली असते. दोन्हीकडे जागा मोकळी करा आणि 'व्हर्श रिझ्यूम' द्या. एल२ जिथे थांबली तिथून पुढे चालू लागेल, जबरदस्तीने रीसेट करू नका.

नेटवर्क जाऊन व्हीएम मेल्यासारखी वाटत असेल तर कन्सोल उघडून बघा. एल० आणि एल१ दोन्हीकडे लिबव्हर्टचं डीफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२.० असेल तर एल१ चं राउटिंग गोंधळतं, एल१ मधली रेंज बदला. ब्रिज वापरत असाल तर ईएसएक्सआयवर प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स, हायपर-व्हीवर मॅक अॅड्रेस स्पूफिंग चालू लागतं, नाहीतर एल२ चे फ्रेम बाहेरच जात नाहीत.

तरीही सुटलं नाही तर

बग नोंदवण्याआधी हे गोळा करा: एल० आणि एल१ दोन्हींच्या कर्नल, क्यूएमू आणि लिबव्हर्टच्या आवृत्त्या, दोन्हीकडची पूर्ण क्यूएमू कमांड-लाइन, दोन्हीकडचं 'एलएससीपीयू' आणि अख्खं डीमेसेज, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची) आवृत्ती. शिवाय तीच एल२ ची डिस्क एल० वर थेट, मधला थर वगळून, तेवढाच वेळ चालवून बघा. तिथेही पडली तर नेस्टिंगचा संबंध नाही आणि बग वेगळ्या ठिकाणी नोंदवायचा आहे. तिथे टिकली तर एल० वर 'ट्रेस-सीएमडी' ने केव्हीएमचे इव्हेंट नोंदवा आणि 'केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएक्झिट' व 'केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएंटर_फेल्ड' यांच्या शेवटच्या काही हजार ओळी अहवालाला जोडा. ट्रेसची फाइल झपाट्याने फुगते, म्हणून बफर गोलाकार ठेवा आणि एल२ पडताक्षणी नोंद थांबवा.